महाद्वार रोडला अंबाबाई आहे, मॉलला कोण?

माझ्या मावसभावाचा कोल्हापुरातल्या एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर गाळा होता. इमिटेशन ज्वेलरी, क्लिपा, पर्स असा माल. गाळा लहान, पण जागा मोक्याची. सरकत्या जिन्यावरून वर आलं की समोरच. तळमजल्यावर एक मोठं स्टोअर होतं, तूरडाळीपासून चादरीपर्यंत सगळं मिळणारं. एका महिन्यात त्या स्टोअरमध्ये सगळ्याच मालावर सवलतीचे बोर्ड लागले, मग रॅक ओस दिसायला लागले आणि एके दिवशी सकाळी काचांना आतून कागद चिकटवलेले. भावाच्या गाळ्यात काहीच बदललं नव्हतं. तोच माल, तेच दर, काउंटरवर तीच मुलगी. तरी तीन महिन्यांत गल्ला निम्म्यावर आला आणि सहाव्या महिन्यात त्यानं गाळा सोडला. टेम्पोत सामान भरताना मला म्हणाला, "दादा, माझं काय चुकलं सांग की."

त्याचं धंद्यात काहीच चुकलं नव्हतं. मॉलचं भाडं कसं ठरतं, तिथली गर्दी कोण आणतं आणि ती आणणारा निघून गेला तर काय होतं, हे गाळा घेताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा ते माहीत नव्हतं. नंतर जे कळत गेलं ते इथं सांगतो, कारण उपनगरांत आणि हायवेच्या कडेला गाळे घेणारी अशी कितीतरी पोरं आपल्या आसपास आहेत.

सुरुवात महाद्वार रोडवरून करू.

पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथं माणूस येतो तो अंबाबाईच्या दर्शनाला. जाताना ओटीचं साहित्य घेतो, येताना साडीचं दुकान बघतो, बायको कोल्हापुरी साजाचा भाव विचारते, पोरं चपलांच्या दुकानात शिरतात. शुक्रवारी पालखी असली, नवरात्र असलं की रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. या गिऱ्हाइकाला त्या रस्त्यावर कुठल्याही दुकानदारानं आणलेलं नसतं. तो देवीनं आणलेला असतो आणि दुकानं त्याच्या वाटेवर उभी असतात. म्हणून तिथं चार हात रुंदीच्या दुकानालाही किंमत आहे.

मॉलच्या धंद्यात गर्दी खेचणाऱ्या अशा मोठ्या दुकानाला 'अँकर' म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. आधी त्याला आणून बसवायचं आणि मग त्याच्या वाटेवर लहान गाळे मांडायचे. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की अंबाबाई महाद्वार सोडून कुठं जात नाही. मॉलचा अँकर करारावर आलेला असतो आणि कराराला शेवटची तारीख असते.

बाजाराला खुंटा लागतो हे कोल्हापूरला जुनं ठाऊक आहे. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. गूळ हा त्या पेठेचा अँकर. अडते आले, हमाल आले, त्यांच्या मागोमाग खानावळी आणि कापडवाले आले. राजारामपुरीत जनता बाजार नावाचं सहकारी भांडार होतं. आज त्या चौकाला सगळे त्याच नावानं ओळखतात. तिकडं वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी चळवळीतून वारणा बझार उभा राहिला आणि खेड्यातली बाई एका छपराखाली सगळी खरेदी करू लागली. मॉल हा शब्द आपल्या बोलण्यात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आणि गांधीनगर! त्याची तऱ्हा आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते परत गेले आणि फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित तिथं वसले. त्यांनी कापडाचा बाजार उभा केला. तिथं एकही दुकान अँकर नाही. एकाला लागून एक कापडाची दुकानं आहेत, हाच अँकर. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या घराला दहा ठिकाणी बघून, भाव करून, पुन्हा पहिल्या दुकानात परत यायचं असतं. शेजारचा दुकानदार तिथं स्पर्धक असतो आणि तोच गिऱ्हाईकही आणतो. गुजरीत सोनं घ्यायला जातात ते याच कारणानं.

आता मॉल. चारी बाजूंनी बंद, आत हवा गार ठेवलेला पहिला मोठा मॉल अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या इडायना या उपनगरात १९५६ साली उघडला. नाव साउथडेल. त्याचा आराखडा केला व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदानं. ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, नाझी आले तेव्हा देश सोडून गेलेला. अमेरिकेतल्या उपनगरांत माणसं एकमेकांना भेटतच नाहीत, घर ते मोटार आणि मोटार ते घर, हे त्याला खुपायचं. व्हिएन्नातल्यासारखा चौक त्याला तिथं करायचा होता : बाकं, झाडं, भोवती दुकानं, जवळच घरं, शाळा, दवाखाना. मॉल झाला, भोवतीचं गाव त्याच्या मनासारखं झालं नाही. बिल्डरांनी त्याच्या नकाशातला फक्त पैसे देणारा भाग उचलला आणि देशभर त्याच्या नकला उभ्या केल्या. म्हातारपणी ग्रुएन व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली त्या शहराच्या दक्षिणेलाच एक अवाढव्य मॉल उघडला आणि गावातल्या छोट्या दुकानदारांना त्याची झळ बसू लागली. आपल्याच कल्पनेपासून त्यानं उघडपणे अंग काढून घेतलं होतं. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.

साउथडेलला दोन अँकर होते, डेटन्स आणि डोनाल्डसन्स, आणि तेही एकमेकांचे स्पर्धक. अशी दोन मोठी स्टोअर्स एका छपराखाली आणणं तेव्हा नवं होतं. पुढं हीच रीत पडली. एक अँकर या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधल्या वाटेवर लहान दुकानं. एकीकडून दुसरीकडे जाताना माणूस आपोआप सगळ्या काचांसमोरून जातो. आपल्याकडं जागा कमी म्हणून हेच उभं केलं : तळाला सगळं मिळणारं हायपरमार्केट, सगळ्यात वर मल्टिप्लेक्स आणि फूड कोर्ट. सिनेमा सुटला की गर्दी मजल्यामजल्यानं खाली झिरपते. वर जाणारा आणि खाली येणारा सरकता जिना लांब लांब का ठेवतात, याचं उत्तरही हेच. मधल्या गाळ्यांवरून तुम्हाला चालवायचं असतं.

आता पैशाकडं वळतो, कारण भाऊ इथंच फसला.

समजा, एका मॉलमध्ये भाड्यानं द्यायची जागा एक लाख चौरस फूट आहे. त्यातली निम्मी, पन्नास हजार फूट, एकट्या अँकरला. त्याला दर महिना फुटाला ३० रुपये. म्हणजे १५ लाख. उरलेले पन्नास हजार फूट छोट्या दुकानांना, दर ९० रुपये. म्हणजे ४५ लाख. एकूण ६० लाख. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण रीत खरी आहे. निम्मी जागा अडवून बसलेला अँकर पाव भाडं देतो. गर्दी आणणं हीच त्याची उरलेली किंमत. छोटा दुकानदार जे जास्तीचे ६० रुपये मोजतो ते फरशीचे किंवा एसीचे नसतात. दारावरून जाणाऱ्या माणसांचे असतात.

अँकर गेला. कागदावर मालकाचे १५ लाख बुडाले, ४५ उरायला हवेत. तसं होत नाही. दारावरून जाणारी माणसंच घटली, मग ९० रुपये कशाचे द्यायचे? दुकानदार मालकाकडं भाडं कमी करा म्हणून जातात. समजा एक तृतीयांश लोकांनी गाळे सोडले आणि उरलेल्यांशी ६० रुपयांवर तडजोड झाली. मालकाच्या हातात आता पडतात जेमतेम २० लाख. जो १५ लाख देत होता तो गेल्यावर ४० लाख गेले. आणि बऱ्याचदा मालकानं त्या ६० लाखांच्या भाड्यावरच बँकेकडून कर्ज उचललेलं असतं. हप्ता काही २० लाख बघून कमी होत नाही.

याच्या जोडीला मेंटेनन्स, ज्याला मॉलवाले 'कॅम' म्हणतात. सुरक्षारक्षक, झाडलोट, लिफ्ट, कॉरिडॉरमधले दिवे, एसी, जनरेटर. दुकानं निम्मी झाली म्हणून एसीचा प्लांट निम्मा चालवता येत नाही. मग तोच खर्च उरलेल्यांवर वाटला जातो, नाहीतर खर्चातच काट मारली जाते. जिना बंद, स्वच्छतागृहाला कुलूप, एका बाजूचे दिवे काढलेले. गिऱ्हाईक हे लगेच ओळखतं. ज्या मॉलचा सरकता जिना महिनाभर बंद आहे तिथं माणूस पुन्हा कशाला जाईल? गर्दी आणखी घटते, आणखी दोन शटरं पडतात. मॉल मरतो तो असा, एका दिवसात नव्हे, एकेका दिव्यानं.

माझ्या भावाला हे दिसत होतं, पण त्याचा पाय अडकला होता. करारात त्याचा लॉक-इन होता, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडलं तर डिपॉझिट जाणार. अँकरचा लॉक-इन किती होता हे त्यानं विचारलंच नव्हतं. काही देशांत छोटे दुकानदार करारात लिहून घेतात की अमुक मोठं स्टोअर बंद पडलं तर आमचं भाडं आपोआप कमी होईल, नाहीतर आम्हाला दंडाविना बाहेर पडता येईल. ही अट साधी आणि न्यायाची आहे. आपल्याकडं दोनशे-तीनशे फुटांचा गाळा घेणाऱ्याला ती सहसा कुणी सांगत नाही आणि तोही मागत नाही.

आता, अँकर का जातो?

बऱ्याचदा त्याच्या जाण्याचा त्या गावाशी काही संबंधच नसतो. बिग बझारचं घ्या. २००१ पासून भारतातल्या कितीतरी मॉलचा पाया बिग बझार हाच होता. मालक फ्यूचर ग्रुप कर्जात बुडाला. २०२० मध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, अमेझॉननं तो कोर्टात अडवला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सनं भाडेकरार आपल्या हातात असलेली दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पुढं अनेक ठिकाणी पाटी बदलून स्मार्ट बाजार झालं. शेजारच्या गाळ्यातला टेलर किंवा आइस्क्रीमवाला या सगळ्यात कुठंच नव्हता. त्याचं पोट मात्र त्याच गर्दीवर होतं.

अमेरिकेत हेच सिअर्सचं झालं. पिढ्यान्‌पिढ्या मॉलचं टोक सांभाळणारी ही कंपनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. २०२० च्या मेमध्ये जेसीपेनी गेली. तिला शेवटी मॉलच्या मालकांनीच विकत घेतलं, कारण ती बंद पडली असती तर त्यांचे मॉलच धोक्यात होते. सगळा दोष ऑनलाइनवर टाकायची सवय आपल्याला लागली आहे. तो काही अंशी खरा आहे. पण अमेरिकेत मॉलच मुळात गरजेपेक्षा जास्त झाले होते, आणि या कंपन्या कर्जाखाली वाकलेल्या होत्या. ऑनलाइननं वाकलेल्याला ढकललं.

आपल्याकडचं मुख्य कारण निराळं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कमी बोललं जातं. २००० नंतर मॉलची लाट आली तेव्हा अनेक बिल्डरांनी मॉल बांधून गाळे सुटे विकले. फ्लॅट विकावेत तसे. पैसे लगेच हातात आले, बिल्डर मोकळा. गाळे घेतले डॉक्टरांनी, निवृत्त नोकरदारांनी, शेत विकून पैसा आलेल्यांनी, "भाडं येईल" या आशेवर. आता शंभर गाळ्यांना ऐंशी मालक. कुठल्या मजल्यावर कोणतं दुकान असावं हे ठरवणारं कुणीच नाही. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाशेजारी कर्जवसुलीचं ऑफिस, त्याच्या शेजारी दोन वर्षं बंद शटर. अँकर यायचा तर त्याला सलग जागा हवी, आणि सलग जागेसाठी पंचवीस मालकांच्या सह्या हव्यात. तो येतच नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले मॉल देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२२ मध्ये ५७ होते, २०२३ मध्ये ६४ झाले. त्याच काळात एकाच मालकाच्या हातातले, नीट चालवलेले मोठे मॉल मात्र भरलेले राहिले. म्हणजे लोकांना मॉल नकोत असं काही झालेलं नाही.

इथं कुणीही विचारेल, शाहूपुरीतही शेकडो मालक आहेत, मग ती पेठ कशी तगली? हा प्रश्न मलाही बरेच दिवस सुटत नव्हता. गुळाचा बाजार शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेला. म्हणजे अँकर गेलाच की! तरी पेठ उभी आहे. उत्तर रस्त्यात आहे. पेठेतल्या प्रत्येक दुकानाचं तोंड सार्वजनिक रस्त्यावर उघडतं. शेजारी बंद पडला तरी रस्त्यावरचा दिवा बंद होत नाही. झाडलोट महापालिकेची. बस, रिक्षा, शाळेला जाणारी पोरं, स्टेशनला जाणारा माणूस, सगळे त्याच वाटेनं जातात, खरेदी असो वा नसो. गुळाची वखार गेली तिथं कुणी मोटारीचे सुटे भाग विकू लागतो, कुणी लॉज काढतो, परवानगी फक्त स्वतःची लागते. मॉलमध्ये रस्ताच खासगी आहे. त्या रस्त्याची हवा आणि उजेड भाड्यातून येतात. भाडं आटलं की रस्ता अंधारतो, आणि आत जाण्याचं खरेदीखेरीज दुसरं कारण कुणाकडंच नसतं.

कोल्हापूरच्या आकाराचा मुद्दाही आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती. खरं शहर त्याहून मोठं आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोली बाहेर पसरलेत, हद्दवाढीचा वाद चालूच आहे, आणि २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण करावं लागलं. शिवाय इचलकरंजी, जयसिंगपूर, निपाणी, कोकणातून घाट चढून येणारी माणसं. गिऱ्हाईक आहे. पण त्या गिऱ्हाइकाला साडीसाठी गांधीनगर, सोन्यासाठी गुजरी, धान्यासाठी लक्ष्मीपुरी पाठ आहे. मॉलनं त्याला यातलं काही देऊन भागत नाही. मॉल त्याला देऊ शकतो ते पार्किंग, उन्हातून सुटका, स्वच्छ बाथरूम, सिनेमा आणि पोरांना खेळायला जागा. उपनगरात राहून दुचाकीवर फिरणाऱ्या घराला या गोष्टी थोड्या नाहीत.

म्हणून अँकरची जातच बदलत गेली. आधी कपड्यांची मोठी स्टोअर्स, मग हायपरमार्केट, मग मल्टिप्लेक्स. लॉकडाऊननं मल्टिप्लेक्सचा अँकर किती नाजूक आहे ते दाखवलं. महाराष्ट्रात मॉल ५ ऑगस्ट २०२० ला उघडले, पण सिनेमागृहं उघडायला ५ नोव्हेंबर उजाडला, आणि दुसऱ्या लाटेत बंद झालेली पडद्यांची दारं पुन्हा उघडली ती थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला. वरच्या मजल्यावरून गर्दी झिरपणंच थांबलं होतं. आणि दुसरीकडं जे आज खरोखर गर्दी खेचतात त्यांना मॉलची गरज उरलेली नाही. डी-मार्टनं २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून शक्यतो स्वतःच्या जागेतच दुकान उघडायचं धोरण ठेवलं. भाड्याचा करारच नाही, तर तो संपायचा प्रश्न कुठला? झुडिओसारखं स्वस्त कपड्यांचं स्टोअर रस्त्यावरची इमारत घेऊन बसतं आणि आजूबाजूच्या चहावाल्यापासून मोबाइल कव्हरवाल्यापर्यंत सगळ्यांचा अँकर होतं, फुकट.

गर्दी म्हणजे विक्री नव्हे, हेही सांगायला हवं. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा इतकी माणसं नुसती बघायला लोटली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा, असा नियम काढला होता. तो टिकला नाही आणि टिकायला नकोच होता. पण दुकानदाराच्या चिंतेत तथ्य होतं. गाळा दाखवणारा माणूस तुम्हाला रविवारी संध्याकाळी घेऊन जातो. तुम्ही मंगळवारी दुपारी तीनला जा, तासभर उभे राहा आणि किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजा. शटरच्या आतली जागा स्वतः टेप लावून मोजा. ३०० फुटांचं भाडं भरताना हातात १८० फूटच येणं ही नवलाची गोष्ट नाही. सगळे गाळे एका मालकाचे आहेत की विकलेले, हे विचारा. अँकरचा करार कधी संपतो, हे तर विचाराच, आणि उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असं समजा.

साउथडेल आजही उभा आहे. डेटन्सची पाटी २००१ मध्ये मार्शल फील्ड्स झाली, २००६ मध्ये मेसीज. जेसीपेनी होतं तिथं २०१९ मध्ये भलंमोठं व्यायामकेंद्र आलं, आणि मॉलच्या आवारात आता राहायची घरंसुद्धा आहेत. ग्रुएनला हवं होतं त्यातलं थोडंसं, साठ वर्षं उशिरा. आपल्याकडंही ओस पडलेल्या मॉलच्या मजल्यांवर अभ्यासिका, क्लासेस, दवाखाने, ऑफिसं येताना दिसतात. अभ्यासिकेतली पोरं दिवसभर तिथंच असतात, भूक त्यांना लागते, वही-पेन त्यांना लागतं. दुकानदाराच्या नजरेनं बघितलं तर तोही अँकरच.

भावानं आता राजारामपुरीच्या एका गल्लीत, मुलींच्या दोन वसतिगृहांच्या मधे दुकान घेतलंय. जागा आधीपेक्षा लहान आहे आणि एसी नाही. करार करण्यापूर्वी तो मला घेऊन समोरच्या टपरीवर तीन दिवस वेगवेगळ्या वेळी चहा प्यायला बसला होता. बोलत काही नव्हता, वहीत फक्त रेघा ओढत होता. जाणाऱ्या प्रत्येकीसाठी एक.